दुपारी बाराचा गुरू

नोव्हेंबराच्या शेवटी सूर्य वार्दो बेटाकडे पाठ फिरवतो
आणि जानेवारी अर्धा सरेपर्यंत
आम्ही खेकड्यांच्या कारखान्यात
घड्याळ सांगेल त्याला दिवस म्हणतो.

यंदा मात्र वर कोणीतरी जागं आहे.
गुरू मिथुनेत आला की आमच्याकडे मावळतच नाही.
मध्यरात्री दक्षिणेला, चर्चच्या मनोऱ्याच्याही वर;
मग कलत कलत
दुपारी बाराला उत्तरेच्या समुद्रावर दोन बोटं उरतो,
त्या निळ्या उजेडात,
आणि बुडायच्या आत सावरतो.
बारा वर्षांत असे दोन-तीनच हिवाळे.

गेल्या खेपेला ओडवारनं
जाळ्यांच्या शेडवर दुर्बीण रोवली होती.
बशी ठेवून आखलेली वर्तुळं, दर अर्ध्या तासाला एक,
आणि पेन्सिल धरलेल्या बोटांवर सुतळीचे वळ.
"इतरांना रात्र पुरत नाही," तो म्हणायचा,
"आपल्याला पुरून उरते."
नऊ तास पंचावन्न मिनिटांत ते एवढं धूड
स्वतःभोवती फिरून मोकळं होतं,
इतक्या घाईनं की कमरेत फुगलंय.
लाल ठिपका एका कडेनं येतो, दुसऱ्या कडेला विरतो,
मी पाळीवरून परत येईतो पुन्हा हजर.
माझी पाळी दहा तासांची.
वरची पाच मिनिटं हातमोजे काढायला.

वहीत एक वर्तुळ कोरं आहे.
खाली वेळ लिहिलेली : पहाटेचे तीन.
तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो.
तो म्हणाला, ट्रॉम्सोला नोकरी मिळतेय.
मी म्हणाले, जा.
एवढंच बोलायला अर्धा तास लागला.
साडेतीनला तो परत वर गेला,
आणि ते चित्र
आधीच्या सगळ्या चित्रांपेक्षा नीट काढलेलं आहे.

रविवारी वृद्धाश्रमात अग्नारकडे जाते.
या महिन्यात त्याला चौऱ्याऐंशी पुरी होतील.
बेचाळीस साली, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले असताना
तो जन्मला, तेव्हा युरेनस कृत्तिकांच्या आसपास होता.
आज पुन्हा तिथंच आहे.
द्विनेत्रीतून एक फिकट कण,
तारा म्हणून सहज खपून जाईल असा.
एवढ्या आयुष्यात त्याची एक फेरी. फक्त एक.
"तो आडवा पडून फिरतो म्हणे?"
हो, म्हटलं, कुशीवर.
ध्रुवावर बेचाळीस वर्षं उजेड, मग बेचाळीस वर्षं काळोख.
अग्नारला आमचे दोन महिने आठवले असावेत, तो हसला.
खुब्याचं हाड मोडल्यापासून तोही एकाच कुशीवर,
तोंड भिंतीकडे.
"मग यॉर्डिस, कूस बदलायची वेळ झाली,"
म्हणाला, आणि परिचारिकेला हाक मारली.
दोघींनी मिळून त्याला खिडकीकडे वळवलं.
बाहेर ढग होते.
तरी तो बराच वेळ बघत राहिला.

नेपच्यूनचं मी बोलले नाही.
एकशे पासष्ट वर्षं. तिथे कोणाचा हिशोब लागायचा?

काल पहाटे तीनला शेडवर चढले.
ठिपका नेमका मधोमध होता,
पूर्वीपेक्षा लहान, धुवट कापडावरच्या डागासारखा.
कोऱ्या वर्तुळावर पेन्सिल टेकवली.
पण पट्टे सरकलेत. एक तर रुंद झालाय.
जागा तीच, नक्षत्र तेच,
चेहरा त्या रात्रीचा नाही.
कागदावर माझ्या श्वासाचं दव गोठलं.
पेन्सिल खिशात घातली, उतरले.
सहाची पाळी होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत
मागच्या दारात उभी राहिले, अंगाला खेकड्यांची वाफ.
उत्तरेला, पाण्यापासून दोन बोटं, तो.
"ट्रॉलरचा दिवा ना?" नव्या पोरानं, यलमारनं, विचारलं.
थांब जरा, म्हटलं.
वर चढेल.